धुक्यातला हरिश्चंद्रगड: पहिल्या दिवसापुरतं

पावसाळ्यातला पहिलाच ट्रेक, तोही मुक्कामी, म्हणजे धाकधूक असणारच. पायथ्याच्या पाचनई गावातून वर जाणारी वाट निवडलीत हे उत्तम केलंत. गडावर जाणाऱ्या वाटांत तीच सर्वांत सोपी.

धुक्यात माणसं चुकतात ती बहुतेक फोटोसाठी मागे रेंगाळल्यामुळे, नाहीतर उत्साहात वाटाड्याच्याही पुढे गेल्यामुळे. पुढचा आणि मागचा माणूस दिसत राहील इतकंच अंतर ठेवा. कोणीच दिसेनासं झालं तर जागीच थांबा, शिट्टी वाजवा, हाका मारा. अंदाजाने वाट शोधू नका. गुरांच्या वाटा अगदी खऱ्या वाटेसारख्याच दिसतात.

बाकी थोडक्यात:
- कोरे करकरीत बूट घालून येऊ नका. आठवडाभर आधी वापरा.
- जीन्स नको. भिजली की जड होते आणि वाळत नाही.
- कोरडे कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका.
- गारव्यात तहान कळत नाही, तरी घोट घोट पाणी पीत राहा.

कोकणकड्याबद्दल, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्याबद्दल, मात्र कडक शब्दांत सांगतो. ढग भरले की कडा नेमका कुठे संपतो ते कळतच नाही, आणि काठावरचं गवत, खडक दोन्ही निसरडे. वाटाड्या 'आज नको' म्हणाला तर हट्ट धरू नका. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आणि केदारेश्वराची गुहा धुक्यातही मनसोक्त बघता येतात.

दम लागला, पाय मुरगळला, थंडी भरली, तर लगेच बोला. लाजून गप्प राहिलात तर उशीर होऊन सगळ्यांनाच अंधारात चालावं लागेल. तंबू, स्टोव्ह, नकाशावाचन यांची चिंता आत्ता नको. बिनधास्त या!