ताऱ्यांमधल्या ढगात धुळीचा कण बदलतो का?

तुम्ही विचारलंय की ताऱ्यांच्या मधल्या ढगात धूळ आहे तशीच राहते की बदलते, आणि इतक्या लांबून ते कळतं कसं. बदलते, आणि भरपूर बदलते.

आधी एक, ही घरातली धूळ नव्हे. म्हाताऱ्या ताऱ्यांनी बाहेर फेकलेली काजळी आणि वाळूच्या जातीचे सिलिकेटचे कण, साधारण मायक्रॉनचा (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) दहावा भाग किंवा त्याहूनही बारीक, आणि सगळ्या ढगाच्या वजनात जेमतेम १ टक्का, बाकी गॅस.

मोकळ्या विरळ जागेत हा कण उघडाच असतो, कारण अतिनील किरण त्याच्यावर काही टिकू देत नाहीत. तोच दाट ढगाच्या पोटात गेला की उजेड बंद, तापमान उणे २६० अंशांच्या आसपास. आमच्याकडे संक्रांतीला आई काट्याचा हलवा करायची, तिळावर पाक थोडा थोडा सोडत, थरावर थर, तसंच होतं. फरक एवढाच की हलव्यात पाक आधीच तयार असतो आणि इथे कणावर चिकटलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे अणू तिथेच एकमेकांना भेटतात आणि पाण्याचा बर्फ तिथेच बनतो. नंतर कार्बन मोनॉक्साइड गोठतो, त्याला हायड्रोजन जोडला जात जात मिथेनॉल (एक साधं अल्कोहोल) होतं. मला तर हे फार भारी वाटतं, कारण एवढं रसायनशास्त्र चालायला त्या थंडीत कणाचा पृष्ठभागच लागतो, नुसत्या गॅसमध्ये ते जमत नाही.

पुढे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. हे कळतं ढगामागच्या ताऱ्यांच्या उजेडावरून. बारीक कण निळा उजेड जास्त अडवतात आणि लाल कमी, कण मोठे झाले की हा फरक कमी होतो. तो मोजायचा एक आकडा आहे, फरक जितका कमी तितका आकडा मोठा, आकाशगंगेत सरासरी ३.१ येतो, दाट ढगांत ५ पर्यंतही जातो.

उलटंही होतं बरं का, सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा, धक्का आला की कण आपटून फुटतात, झिजतात, बर्फ तर उडूनच जातो.

पुण्यातून दिव्यांमुळे काही दिसत नाही, पण मे महिन्यात अमावस्येच्या आसपास वेल्ह्याकडे गेलात तर मध्यरात्री दक्षिणेला ज्येष्ठा शोधा (ती लाल दिसते ती धुळीमुळे नाही, मुळातच लाल आहे) आणि तिच्या जवळून आकाशगंगेकडे जाणारे काळे पट्टे बघा. तिथे तारे नाहीत असं वाटेल, पण ते धुळीमागे झाकलेत.