पॉलिअॅमरी (सगळ्यांच्या संमतीने एकाच वेळी एकापेक्षा जास्त प्रेमाची नाती, थोडक्यात 'पॉली') हे गोऱ्या लोकांचं फॅड आहे ना? मग माझ्या ब्लॅक मैत्रिणीला फक्त ब्लॅक लोकांचा वेगळा पॉली ग्रुप कशाला हवा, हा उलटा वंशवाद नाही का?

गोऱ्यांचं फॅड वाटतं कारण मासिकांत आणि पॉडकास्टवर तेच दिसतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सिंगल लोकांवरचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात साधारण पाचातल्या एकाने सांगितलं की कधी ना कधी सगळ्यांच्या संमतीने एकापेक्षा जास्त नाती ठेवली होती, आणि वंशाप्रमाणे त्यात फरक निघाला नाही. म्हणजे माणसं आहेत, पण उघडपणे बोलायची किंमत सगळ्यांना सारखी नाही.

मी अटलांटात राहते, स्वतः पॉली नाही, पण माझी ऑफिसातली जवळची मैत्रीण ब्लॅक आणि पॉली आहे, तिच्यामुळे मी हे सगळं वाचायला लागले. आणि मला सगळ्यात जास्त हादरवलं ते अलाबामाच्या एका कोर्ट केसने. १९६० च्या दशकात तिथे नियम होता की मुलांसाठी सरकारी मदत घेणाऱ्या बाईकडे कुणी धडधाकट पुरुष शरीरसंबंधासाठी येत-जात असेल तर तोच तिच्या मुलांचा 'बदली बाप' धरायचा आणि मदत बंद. सेल्मा शहर ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे तिथल्या स्मिथ नावाच्या ब्लॅक विधवा बाई, चार मुलं, पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत हॉटेलात स्वयंपाकी आणि वेट्रेसचं काम, आठवड्याला १६ ते २० डॉलर मिळायचे. त्यांच्याकडे विल्यम्स नावाचा माणूस शनिवार-रविवारी यायचा म्हणून त्यांची मदत तोडली. गंमत बघा, त्या विल्यम्सला स्वतःची बायको आणि नऊ मुलं होती, तो त्या बायको-मुलांबरोबरच राहायचा, स्मिथबाईंच्या मुलांना पोसायची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर नव्हतीच! त्या नियमाच्या पहिल्या अडीच वर्षांत अलाबामात मदत मिळणारी सुमारे १६,००० मुलं यादीतून कमी झाली. शेवटी १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो नियम उडवला.

म्हणजे गोरं जोडपं नातं ओपन करतं तेव्हा ते 'लाइफस्टाइल', आणि ब्लॅक बाईकडे कोण येतं यावर तिच्या मुलांचं जेवण अवलंबून. शिवाय १९६५ चा मॉयनिहन रिपोर्ट होताच, त्याने ब्लॅक कुटुंबाची रचनाच बिघडलेली आहे असं सरकारी कागदावर लिहून ठेवलं. त्याच्याही मागे जायचं तर गुलामगिरीत ब्लॅक लोकांच्या लग्नाला कायद्यात जागाच नव्हती, मालक नवऱ्याला विकून टाकायचा, मग दोघं दोन ठिकाणी नवे संसार मांडायचे, आणि गुलामगिरी संपल्यावर फ्रीडमेन्स ब्युरो ही मुक्त झालेल्या गुलामांसाठीची सरकारी संस्था लग्नं नोंदवायला लागली तेव्हा दोन जोडीदार असलेल्यांना सांगितलं, एकच निवडा. एवढं सगळं झाल्यावर चर्चला जाणारी आई 'लोकांना बोलायला जागा देऊ नकोस' म्हणते त्यात मला तरी नवल वाटत नाही.

आता ग्रुपचं. गोऱ्यांच्या पॉली मीटअपला माझी मैत्रीण गेली की तिला आधी माणूस म्हणून कोणी विचारतच नाही, बेडरूममध्ये काहीतरी 'वेगळं' हवं म्हणून एखादं जोडपं तिसरी शोधत तिच्याकडे येतं. ब्लॅक पुरुषांचंही तेच, तो जंगली आणि ताकदवान असणार असं धरूनच चालतात. (आपल्याकडे तमाशातल्या बाईकडे गाव कसं बघतं आठवा, तिने काही न करताच ती 'तसली' ठरते.) केविन पॅटरसन या ब्लॅक लेखकाने २०१८ मध्ये पॉली लोकांमधल्या वंशवादावर आख्खं पुस्तक लिहिलं, कारण 'आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे' एवढं म्हटलं की काम झालं असं आयोजकांना वाटतं.

म्हणून 'ब्लॅक अँड पॉली' सारखे ग्रुप निघाले. तिथे सेक्सवरच बोलतात असं नाही हं. माझी मैत्रीण सांगते की घटस्फोटित नवरा कोर्टात मुलांचा ताबा मागेल का, घरमालकाला काय सांगायचं, बायसेक्शुअल आहे हे भावाला कळलं तर काय, असल्याच गप्पा जास्त. गोऱ्या ग्रुपमध्ये हेच बोलायचं तर आधी अर्धा तास वंशवाद समजावून सांगावा लागतो आणि तरी एखादा म्हणतोच, प्रेमाला रंग नसतो.

तेव्हा उलटा वंशवाद वगैरे नाही हो. काही ग्रुप ब्लॅक मेंबरच्या इतर वंशाच्या पार्टनरला येऊ देतात, काही नाही देत. तुम्ही पार्टनर नाही, मैत्रीण आहात, तर तुमच्या मैत्रिणीने बोलावलं तरच जा, आणि गेलात तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न तिथे विचारू नका.