महिन्यातून एकदाच निघणाऱ्या स्पोर्ट्‌स कारला बॅटरी मेंटेनर कोणता घ्यावा आणि तो जोडायचा कुठे?

तुमची अडचण मला समजली ती अशी. जुनी पोर्शे ९११ घेतली आहे, ९९७ पिढीची. महिन्यातून एखादी फेरी होते, दोनदा बॅटरी उतरली. आता मेंटेनर, म्हणजे कायम जोडून ठेवायचा चार्जर, किती अँपिअरचा घ्यावा, बॉनेट उघडून चिमटे लावावेत की लायटरच्या सॉकेटमधून भागेल, आणि तो कायम लावून ठेवला तर बॅटरी उकळणार तर नाही, हे तुम्हाला हवं आहे.

आधी माझी फजिती सांगतो. माझ्या दोन सीटच्या गाडीत बॅटरी मागे डिक्कीत आहे आणि डिक्कीचं कुलूप विजेवर चालतं. पहिल्याच वर्षी मी चांगल्यातला चार्जर आणला. दोन वेळा लावलाही. पण दर वेळी डिक्कीतला गालिचा उचला, झाकण काढा, वाकून चिमटे बसवा, डिक्की अर्धवट उघडी ठेवा, हे सगळं इतकं कंटाळवाणं होतं की तिसऱ्या वेळी ‘उद्या लावू’ म्हणालो. तो उद्या सात आठवड्यांनी उगवला. गाडी ठार मेलेली, डिक्की बंद, आणि चार्जर तिच्यापासून चार हातांवर फळीवर खोक्यात. तेव्हापासून कुणी चार्जरचं मॉडेल विचारलं की मी उलट विचारतो, जोडणार कुठून? दहा सेकंदांत जोडता येत असेल तर साधा चार्जरही बॅटरी टिकवतो. येत नसेल तर महागडाही फळीवरच राहतो.

बॅटरी उतरते का, ते आधी बघू. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, घड्याळ, निरनिराळे कंट्रोल युनिट थोडी थोडी वीज पीत असतात. सगळी युनिट झोपी गेल्यावर हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असला तर ते नेहमीचंच समजायचं. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) जातात, महिन्याला ३६. तुमची बॅटरी ७० अँपिअर-अवरची असेल तर महिन्याभरात निम्मी रिकामी. मग तुम्ही सेल्फ मारता, वीस मिनिटं फिरून येता आणि समजता की भरली. नाही भरत. शिसे-आम्लाची बॅटरी पहिल्या टप्प्यात भराभर वीज घेते, पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तिला कित्येक तास लागतात आणि अल्टरनेटरला तेवढा वेळ मिळतच नाही. म्हणजे दर महिन्याला खात्यातून काढायचे छत्तीस आणि भरायचे पाच-सात.

अर्धवट रिकामी राहिलेली बॅटरी आतून खराब होते, हे जास्त वाईट. डिस्चार्ज होताना प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. ते ताजं असेपर्यंत चार्जिंगने परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. दोनदा पूर्ण उतरलेली तुमची बॅटरी आज किती शिल्लक आहे, ही शंका म्हणून मनात ठेवा. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता निवड. बॅटरीवरचा स्टिकर वाचा. तीन शक्यता आहेत: साधी पातळ आम्लाची, एजीएम (हीही शिशाचीच, पण आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं), किंवा लिथियम. साध्या बॅटरीला चार्ज करताना सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. एजीएमला बहुतेक कंपन्या १४.७ च्या आसपास सांगतात. भरून झाल्यावर चार्जरने स्वतःहून खाली, साधारण १३.२ ते १३.८ व्होल्टच्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवणाऱ्या व्होल्टेजवर, यायला हवं. ‘उकळणार तर नाही’ याचं उत्तर इथेच आहे. जुन्या काळी ट्रिकल चार्जर म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा डबा मिळायचा, त्याला थांबायचं कधी हे कळत नसे. तो महिनाभर लावला तर पाणी उडून प्लेटा उघड्या पडायच्या. फ्लोटवर उतरणारा आणि अधूनमधून बॅटरी तपासणारा आजचा मेंटेनर महिनोन्‌महिने लावून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. अट एकच, मोड बॅटरीच्या प्रकाराला जुळता हवा.

लिथियमबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण तुमची गाडी जुनी घेतलेली आहे. पोर्शेने २०१० मध्ये ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरला लिथियम स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून दिली होती. वजन ६ किलोच्या आत, म्हणजे नेहमीच्या बॅटरीपेक्षा १० किलोहून जास्त हलकी. कडक थंडीत ती कमी पडते म्हणून सोबत नेहमीची बॅटरीही द्यायचे. नंतर वजन वाचवायला कित्येक मालकांनी बाजारातल्या लिथियम बॅटऱ्या बसवल्या. तशी निघाली तर शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल मिळून १४.६ व्होल्टच्या वर जाता कामा नये, आणि शिशाच्या काही चार्जरमध्ये सल्फेट फोडायला १५.८ व्होल्टपर्यंत नेणारा ‘रिकंडिशन’ मोड असतो. तो लिथियमचा घात करील. शिशाच्या बॅटरीवरसुद्धा तो मोड मी बॅटरी गाडीतून सुटी केल्याशिवाय वापरत नाही. एवढा व्होल्टेज गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला कशाला दाखवायचा? शिवाय लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

अँपिअरचा लोक उगाच बाऊ करतात. भरलेली बॅटरी नुसती टिकवायची तर १ अँपिअरही पुष्कळ होतो, कारण गाडी पीत असते त्याच्या तो कितीतरी पट देतो. पण निम्मी उतरलेली ७० ची बॅटरी भरायला त्याला दीड दिवसाहून जास्त लागेल. ५ अँपिअरचा तेच काम रात्रभरात उरकतो, म्हणून मी तुम्हाला ४-५ अँपिअरचा सुचवीन. १० चा घेऊन काही बिघडत नाही, पण लायटर सॉकेटमधून वापरायचा असेल तर तिथला फ्यूज आणि बारीक वायर यांचा विचार करावा लागतो. माझ्याकडे सीटेकचा ५ अँपिअरचा आहे. ऑप्टिमेट आणि नोको यांचेही मी मित्रांच्या गाड्यांवर पाहिलेत, कुणाबद्दल तक्रार नाही. घेताना एक गोष्ट मात्र विचाराच. वीज जाऊन परत आली की चार्जर आधीच्याच मोडवर आपोआप सुरू होतो का? काही चार्जर बटण दाबेपर्यंत स्टँडबायवर बसून राहतात. तुम्ही दिवा लागला म्हणून निर्धास्त आणि बॅटरी आपली उतरतेच आहे.

आता जोडणी. ९९७ मध्ये बॅटरी पुढच्या सामानाच्या कप्प्यात, काचेच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली असते, आणि त्या कप्प्याचं बॉनेट विजेवर उघडतं. म्हणजे माझ्यासारखाच सापळा.

लायटर सॉकेटची वाट सगळ्यात सोपी. पोर्शेचा स्वतःचा मेंटेनरही लायटरच्या प्लगसकट मिळतो. फक्त ते सॉकेट इग्निशन बंद असताना जिवंत राहायला हवं, आणि तुमच्या गाडीत राहतं का हे ऐकीव माहितीवर न सोडता स्वतः बघा. गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी युनिट झोपतील, आणि मग चार्जरचा दिवा चालूच आहे का ते काचेतून बघा. या वाटेच्या खोड्या सांगायच्या तर, प्लग ढिला बसतो, दारात वायर चिमटते, आणि सॉकेटचा फ्यूज उडाला तर बाहेरून कळत नाही. मी ही वाट तात्पुरती म्हणून चांगली मानतो.

कायमची सोय करायची तर रिंग टर्मिनलवाली वायर बॅटरीलाच बसवून टाका. चार्जरसोबत ती बहुधा येतेच: एका टोकाला दोन गोल कड्या, मध्ये फ्यूज, दुसऱ्या टोकाला टोपी असलेला प्लग. बसवताना बॉनेट उघडं ठेवा आणि काम संपेपर्यंत कुणालाही ते लावू देऊ नका. बॅटरी सुटी असताना खट्‌कन लागलं तर मग नाटक. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल सोडवा. कारण साधं आहे. ती जोडलेली असताना लाल बाजूचा नट फिरवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. मग लाल कडी पॉझिटिव्हच्या बोल्टखाली, शेवटी काळी कडी आणि निगेटिव्ह केबल एकत्र. प्लगचं टोक बॉनेटच्या कडेच्या रबरी पट्टीवरून बाहेर येईल असं ठेवा, कुलपाच्या जवळून नको. बॅटरी काही मिनिटं सुटी राहिल्यामुळे काचांची एका स्पर्शात वर-खाली जाण्याची हालचाल पुन्हा शिकवावी लागेल, आणि रेडिओ कदाचित कोड मागेल; तो आधी शोधून ठेवा.

कड्या बसवताना सुरुवात काळ्या केबलपासून झाली, चिमट्यांची मात्र लालपासून होते, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. चिमटे लावताना बॅटरी गाडीला जोडलेलीच असते. चार्जर भिंतीच्या प्लगमधून काढलेला. आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर, गाडीच्या उघड्या धातूला, आणि सगळ्यात शेवटी भिंतीचा प्लग. काढताना नेमकं उलट. शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर असावी, कारण ठिणगी उडाली तर तिथेच उडते, आणि चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडत असते. हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. चार्जर बंद कप्प्यात बॅटरीवर ठेवू नका, बाहेर ठेवा. तो गरम होतो, म्हणून गाडीच्या आच्छादनाखालीही नको.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. बीएमडब्ल्यू आणि अशा बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टोकावरच प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथे काळी तार थेट बॅटरीच्या टोकाला लावली तर आत गेलेली वीज सेन्सरला दिसतच नाही आणि गाडी बॅटरी रिकामी समजून वागत राहते. काळी तार बॉडीच्या अर्थ बोल्टला लावायची.

आणि तुमच्या ९९७ ची बॅटरी पुन्हा उतरलीच तर? चावी कुलपात फिरवून दार उघडा. फ्यूजपेटीत बाहेर ओढता येणारं एक पॉझिटिव्ह टर्मिनल असतं. दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीचा लाल तिथे, काळा दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला, म्हणजे बॉनेट उघडण्यापुरती वीज मिळते. अलार्म ओरडेल, त्याला ओरडू द्या, रिमोटने बंद होतो. ही वाट फक्त बॉनेटसाठी आहे. तिथून सेल्फ मारू नका, चार्जही करू नका. बॉनेट उघडल्यावर बॅटरीवरच काम करा. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर बऱ्याच स्मार्ट चार्जरना ती ‘दिसत’च नाही; तेव्हा तिला एखाद्या चांगल्या बॅटरीचा थोडा वेळ आधार देऊन मग चार्जर लावावा लागतो.

आता ती शंका. मेंटेनर बॅटरीला जपतो, मेलेली जिवंत करत नाही. पूर्ण चार्ज करा, काढा, गाडी लॉक करून रात्रभर सोडा आणि सकाळी बॅटरीची टोकं मोजा. बॉनेट आदल्या रात्रीच उघडं ठेवलं असेल तर बरं, नाहीतर तुम्ही कुलूप उघडताच युनिट जागी होतात आणि आकडा खाली येतो. साध्या बॅटरीला १२.६ ते १२.७ आले, एजीएमला १२.८ किंवा जास्त, तर आशा आहे. १२.२ म्हणजे निम्मीच. आणि १०.५ च्या आसपास दिसले तर सहापैकी एक सेल गेला, चार्जर कितीही चांगला असो. चार्जर दोन दिवस होऊनही फ्लोटवर जात नसेल तर तोही त्याच दिशेचा इशारा. अशा बॅटरीवर मेंटेनर लावून वेळ घालवू नका, नवी बसवा आणि तिला पहिल्या दिवसापासून वायर लावा.

मी प्लग लावला की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतो. का, ते विचारू नका. वायरचं तुटलेलं टोक अजून ड्रॉवरमध्ये आहे.

स्टिकरवर बॅटरीचा प्रकार आणि अँपिअर-अवर काय लिहिलंय ते प्रतिक्रियेत टाका, म्हणजे मोड कोणता ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.