‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’वरच्या रास्त टीकेला काय उत्तर द्यावं?

तुम्ही लिहिलंय की कमाईचा ठरावीक वाटा, जिथे एका रुपयात सर्वांत जास्त भलं होतं तिथे हिशेब करून द्यायचा, हा ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’ चळवळीचा विचार तुम्हाला पटलाय. पण मित्र म्हणतो की यात माणूस नाही, नुसते आकडे आहेत. शिवाय एफटीएक्स या क्रिप्टो-चलनाच्या कंपनीत घोटाळा करणारा तुमच्यातलाच.

मी सहा वर्षं दहा टक्के देतोय. मित्राचं जे बरोबर आहे ते बरोबर म्हणा, आणि त्यापायी तुम्ही काय बदललं ते सांगा. बाकीची उत्तरं सारवासारव वाटतात, आणि बहुतेक वेळा असतातही.

माझ्यावरची टीका घरातूनच आली. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. एका रविवारी मी लॅपटॉपवर वर्षाचा हिशेब मांडत होतो, आई शेजारी मेथी निवडत होती. अकरा वर्षं आमच्याकडे काम करणाऱ्या बेननी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मदत मागितली होती. मी आईला समजावत होतो की तेवढ्या पैशांत शेकडो मुलांना जंताच्या गोळ्या देता येतात. आई म्हणाली, “हिशेब बरोबरच असेल रे. पण ही पोर त्यात कुठल्या रकान्यात बसते?” उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर पॅसेजमध्ये लादी पुसणारं फडकं थांबलेलं. अकरा वर्षांत बेनना मराठी चांगलं समजायला लागलं होतं.

ते दान नव्हतंच, देणं होतं. मी देणं दानाच्या रकान्यात घालून तुलना करत बसलो होतो. फी वेगळी भरली, दहा टक्क्यांना हात लावला नाही. कारण आईचं खरं असलं तरी कधी न पाहिलेल्या मुलाचा हक्क त्याने कमी होत नाही. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ साली हेच मांडलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पूर्व बंगालचे निर्वासित होते, म्हणजे आपल्याच दारात आलेली माणसं.

“मोजता येतं तेवढंच बघता” हा आक्षेप तर बडोदेकराने मान्यच करावा. १९१३ साली सयाजीरावांनी आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यातून पुढे काय उभं राहील हे कुठल्या तक्त्यात दिसलं असतं? पण त्याच महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. हजारोंचा विचार आणि एका मुलाची पारख, दोन्ही एकाच दरबारात झालं.

आकडेवाल्यांनी टीका पचवल्याचंही उदाहरण आहे. बांगलादेशात कापणीआधीच्या उपासमारीच्या दिवसांत गावकऱ्यांना शहरात कामाला जाण्यासाठी पैसे देणारी एक योजना होती. देणगीसाठी संस्थांची पारख करणाऱ्या गिव्हवेलने २०१७ मध्ये ती आपल्या सर्वोत्तम यादीत घेतली. मोठ्या प्रमाणावर राबवल्यावर अपेक्षित परिणाम दिसेना, तेव्हा २०१८ मध्ये ती यादीतून गेली, आणि २०१९ मध्ये चालवणाऱ्या संस्थेने ती बंदच केली. हे सगळं जाहीरपणे. आपल्याकडे किती संस्था असं सांगतात?

राहिला एफटीएक्सवाला सॅम बँकमन-फ्राइड. २०२२ मध्ये कंपनी बुडाली, २०२४ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. “तो खरा आमच्यातला नव्हता” असं कृपा करून म्हणू नका. होता. चळवळीने त्याचे पैसे घेतले, त्याला मिरवलं, आणि फसले ते त्याच्याकडे विश्वासाने पैसे ठेवणारे लोक. मित्राशी बोलताना सुरुवात इथूनच करा. मी तेव्हापासून संस्था पैसा कुठे खर्च करते याच्याआधी तो कुठून आणते ते वाचतो, आणि या वर्षी एका ठिकाणची देणगी त्याच कारणाने थांबवली.