डेट्रॉईटमध्ये जुनी चॅलेंजर घेताना: व्ही-६, ५.७ की ६.४?

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात चिंचवडहून डेट्रॉईटजवळ ट्रॉयला बदली, जानेवारीत बायको आणि दोन वर्षांचं मूल येणार, सध्या एकच गाडी परवडेल आणि ती डॉज चॅलेंजरच हवी. इंजिन कोणतं घ्यावं, आणि नंतर एक्झॉस्ट, इनटेक, ट्यून यातलं काय करावं?

नवी चॅलेंजर आता बनत नाही. ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची गाडी डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली. म्हणजे जुनीच घ्यायची, आणि जुन्यातही २०१५ किंवा त्यानंतरची. त्या वर्षापासून आठ गिअरचा ऑटोमॅटिक आला. आधीचा पाच गिअरवाला त्याच्यापुढे फारच सुस्त. आणि मूल येणार आहे म्हणून विचारतो, डॉजचीच चार्जर का नको? इंजिनं तीच, दारं चार. चॅलेंजरची मागची सीट ऐसपैस आहे, पण शून्याखाली तापमान असताना, अंगात जाड जॅकेट घालून, दोन दारांच्या गाडीत मागे वाकून चाइल्ड सीटचे पट्टे रोज लावायचे आहेत हे लक्षात असू द्या.

विचार करण्याजोगी इंजिनं तीन. ३.६ लिटरचा पेंटास्टार व्ही-६, ३०५ एचपी. ५.७ लिटरची हेमी (डॉजच्या व्ही-८ इंजिनाचं नाव), ऑटोमॅटिकला ३७२ आणि मॅन्युअलला ३७५. आणि ६.४ लिटरची हेमी, ४८५. हेलकॅटचा, म्हणजे याहून ताकदवान सुपरचार्जरवाल्या चॅलेंजरचा, विचार पहिल्या वर्षी करूच नका. सरकारी आकड्यांनुसार अ‍ॅव्हरेज व्ही-६ ला शहरात लिटरला ८ किलोमीटर आणि हायवेला पावणेतेरा, ५.७ ऑटोमॅटिकला ६.८ आणि १०.६, ६.४ ऑटोमॅटिकला ६.४ आणि १०.२. म्हणजे दोन हेमींमध्ये पेट्रोलच्या खपाचा फरक किरकोळ. फरक आहे तो पेट्रोलच्या प्रतीत. व्ही-६ ला ८७ ऑक्टेन चालतं, ५.७ ला कंपनी ८९ सुचवते, ६.४ ला ९१. हे आकडे बघून घाबरू नका. ऑक्टेन मोजायच्या पद्धती दोन, आरओएन आणि एमओएन. भारतात पंपावर आरओएन लिहिलेलं असतं. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५ च्या आसपास.

पण इंजिन ठरवणार आहे ते पेट्रोल नव्हे, विमा. मिशिगनचा विमा अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्यांपैकी. त्यात तुमच्या नावावर अमेरिकेतला ड्रायव्हिंगचा इतिहास शून्य, आणि या गाड्या चोरांच्या आवडत्या. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी गाडीचा व्हीआयएन (चासी नंबर) घेऊन निदान तीन विमा कंपन्यांचे कोट मागवा, मग गाडी बघायला जा. २०२० च्या जुलैपासून मिशिगनमध्ये वैद्यकीय संरक्षणाची मर्यादा आपल्याला निवडता येते, त्यामुळे कोट मागताना प्रत्येकाकडे तीच मर्यादा सांगा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. शिवाय किमतीवर ६ टक्के सेल्स टॅक्स धरा. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘साल्व्हेज’ (अपघातात वगैरे निकामी ठरवलेली) किंवा ‘रिबिल्ट’ (तशी गाडी दुरुस्त केलेली) असेल तर स्वस्त म्हणून मोहात पडू नका.

माझं मत: गाडी एकच आणि मूल बरोबर, तर व्ही-६ ऑल-व्हील-ड्राइव्ह. चॅलेंजरमध्ये ती २०१७ पासून मिळते, फक्त व्ही-६ लाच आणि फक्त ऑटोमॅटिकमध्ये. हेमीशिवाय करमणारच नसेल तर ५.७ ऑटोमॅटिक घ्या आणि पहिला खर्च विंटर टायर्सचा करा. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली समर टायरचं रबर कडक होतं; मागच्या चाकांना ५०० हून जास्त न्यूटन-मीटर टॉर्क देणारी गाडी त्यावर सिग्नलला जागच्या जागी फिरते. चारही टायर बदलायचे, मागचे दोनच नाही. स्वतंत्र १८ इंची रिम्सवर २३५/५५ मापाचे बसवून ठेवलेत की नोव्हेंबर-एप्रिलची अदलाबदल सोपी होते. ६.४ च्या मोठ्या ब्रेम्बो ब्रेक्सवर १८ इंची रिम बसेलच असं नाही, तिथे २० इंचीच धरून चाला.

आता गाडी तपासणं, कारण पैसे इथे बुडतात. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा की सकाळी मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर त्याने काहीतरी लपवलंय असं समजा. मग स्वतः स्टार्ट करा आणि कान द्या. हेमीत दोन प्रकारचे टिकटिक आवाज येतात. एक, थंड इंजिनला टिकटिक आणि पाच-दहा मिनिटांत गायब: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला, बहुधा मागच्या टोकाचा. धातू तापून फुगला की फट बुजते. हा खर्च आहे, पण आटोक्यातला. दुसरा, इंजिन गरम झालं तरी जात नाही आणि आरपीएमबरोबर वाढतो: व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिफ्टरचा रोलर झिजून कॅमशाफ्टचा लोब (उंचवटा) खायला लागलाय. यात सिलिंडर हेड उतरवावे लागतात, कॅम आणि सोळाही लिफ्टर बदलावे लागतात. स्कॅनर लावून मिसफायरचे पी०३०० मालिकेतले कोड बघा, आणि ‘नुकतेच कोड क्लिअर केलेत’ असं दिसलं तर परत फिरा. तासन् तास आयडलवर उभी राहिलेली गाडी यात जास्त धोक्याची मानतात. ऑटोमॅटिक हेमीत पेट्रोल वाचवायला चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते, मॅन्युअलमध्ये नसते, म्हणून ती सुरक्षित असं लोक म्हणतात. पण लिफ्टर तिथेही जातात.

व्ही-६ चं दुखणं वेगळं. इनटेकखाली सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत ऑइल फिल्टरचं प्लास्टिक हाउसिंग असतं, ते तडकतं. ऑइल मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या सांध्याशी ठिबकतं, आणि मेकॅनिक रिअर मेन सील (इंजिनाच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतो. आधी टॉर्चने ती खाच बघायला सांगा. कोणतंही इंजिन असो, गाडी लिफ्टवर घेऊन ब्रेकचे पाइप आणि मागचा सबफ्रेम बघा. मिशिगनचं मीठ गाडी खालून खातं.

मॉडिफिकेशनमध्ये कॅट-बॅक एक्झॉस्ट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचे पाइप आणि सायलेन्सर बदलणं, करा, हरकत नाही. पण ५.७ ऑटोमॅटिकला हायवेवर चार सिलिंडर बंद पडले की मोकळ्या सायलेन्सरमधून केबिनमध्ये एक घुमणारा, डोकं उठवणारा आवाज येतो. खरेदीआधी तसाच सेट बसवलेल्या गाडीत हायवेवर अर्धा तास बसून बघा. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र काढायचा नाही. मिशिगनमध्ये नियमित एमिशन तपासणी नाही म्हणून चालतं असा गैरसमज आहे. केंद्रीय कायद्याने ते बेकायदाच आहे, आणि पुढे कॅलिफोर्नियाला बदली झाली तर ती गाडी स्मॉग तपासणीत पास होणार नाही.

इनटेकचे पैसे वाचवा. उघडा फिल्टर रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. मूळ डबाच बरा. इनटेकमध्ये जाणारी ऑइलची वाफ अडवणाऱ्या ऑइल कॅच कॅनची घाई नको, कारण या दोन्ही हेमींत पेट्रोल पोर्टमध्येच फवारलं जातं आणि व्हॉल्व्ह धुतले जातात. ट्यून, म्हणजे इंजिन कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल, करायचा तर २०१५ नंतरचा इंजिन कॉम्प्युटर कुलूपबंद येतो, तो अनलॉक करून घ्यावा लागतो, २०१८ पासून वर सिक्युरिटी गेटवे हे आणखी एक इलेक्ट्रॉनिक कुलूपही आहे. एवढं करून ५.७ काही ६.४ होत नाही. इंजिनाची वॉरंटी शिल्लक असेल तर ट्यूनची खूण कॉम्प्युटरमध्ये राहते आणि दावा अडकतो. ५.७ वर सुपरचार्जर तर नकोच: कॉम्प्रेशन १०.५ ला १, पिस्टन फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) नाहीत, नॉकिंग झालं की पिस्टनची रिंगांमधली धार तुटते.

ते पैसे देखभालीला ठेवा. ५.७ ला ७ क्वार्ट, म्हणजे सुमारे ६.६ लिटर, ५डब्ल्यू-२० ऑइल लागतं, ६.४ ला तितकंच, पण ०डब्ल्यू-४०. मी ८,००० किलोमीटरवर बदलायला सांगेन. आणि स्पार्क प्लग आठ नाहीत, सोळा; कोटेशन घेताना हे विचारून घ्या.

६.४ घेतलीतच तर डीलरकडे जाऊन २०२१ मध्ये आलेला चोरीविरोधी अपडेट टाकलाय का बघा. चार आकडी कोड टाकल्याशिवाय इंजिन ६७५ आरपीएमच्या वर जात नाही. कोड बायकोलाही सांगून ठेवा.