नाल्याकाठच्या दोनशे कुटुंबांसाठी नवी वसाहत बांधायची आहे. स्वस्त आणि टिकाऊ घरांसाठी कोणते तंत्र वापरावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या शहरात नाल्याकाठी राहणाऱ्या दोनशेएक कुटुंबांच्या घरांत दर पावसाळ्यात पाणी शिरते, नगरपालिकेने चार-पाच किलोमीटरवर जागा दाखवली आहे आणि तुमची संस्था बांधकामाला मदत करणार आहे. तुमचा प्रश्न बांधकामाच्या तंत्राचा आहे. त्यावर शेवटी लिहितो, कारण माझ्या अनुभवात वसाहत टिकते किंवा मोडते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या पुनर्वसन वसाहतींत बरीच वर्षे सोसायट्या बांधण्याचे काम केले. बांधण्याचे म्हणजे माणसे एकत्र आणून समिती नेमणे, बँकेत खाते उघडणे, उपनिबंधकाकडे नोंदणी करणे, पंपाच्या बिलावरून पेटलेली भांडणे मिटवणे. तिथून सांगतो : नकाशा काढायच्या आधी एक हिशेब मांडा. नव्या घरात गेल्यावर त्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च किती वाढणार आणि कमाई किती घटणार? हा हिशेब जुळला तर लोक साध्या घरातही रमतात. नाही जुळला, तर चांगले बांधलेले घर भाड्याने जाते आणि कुटुंब पुन्हा जुन्या जागेच्या आसपास खोली शोधते. अशा कुटुंबांना ‘घर विकून खाल्ले’ म्हणून नावे ठेवली जातात. मला ते कधीच पटले नाही. घर परवडत नव्हते म्हणून ती गेली.

कमाईची बाजू आधी घ्या. तुमच्या वस्तीतली एखादी ताई चालत जाऊन चार घरची धुणीभांडी करत असेल. चार किलोमीटर लांब गेल्यावर सकाळी सातचे काम तिला जमणार नाही, कारण मुलांचे डबे आणि पाणी भरण्याची वेळ तीच असते. चारातली दोन कामे सुटतील आणि उरलेल्या दोन कामांसाठी शेअर रिक्षाचे भाडे सुरू होईल. नाका कामगाराला तर पहाटे नाक्यावर उभे राहता आले नाही की तो दिवसच गेला. पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे स्पष्ट शब्दांत मान्य केले होते : माणसे तिथे राहतात कारण काम तिथे जवळ आहे, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. म्हणून सर्वेक्षणाच्या अर्जात कुटुंबातली माणसे, रेशनकार्ड, आधार एवढेच रकाने ठेवू नका. प्रत्येक कमावत्या माणसाचे काम कुठे आहे, तो तिथे कसा जातो आणि किती वाजता पोहोचावे लागते, हेही लिहून घ्या. मग कळेल की सकाळी साडेसहाची एक बस सुरू करून घेणे हे तुमच्या संस्थेचे सर्वांत मोठे काम ठरू शकते.

सोलापूरजवळच्या कुंभारीची वसाहत इथे आठवते. विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेने तिथे शहराबाहेर मोठी जमीन घेतली आणि १० हजारांवर घरे उभी केली. २००६ साली ती कामगारांच्या ताब्यात आली. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि कामगारांचा स्वतःचा. जागा शहरापासून लांबच होती, पण विडी घरात बसून वळता येते. तुमच्या नाल्याकाठच्या लोकांचे काम असे घरात येणारे आहे का, हे आधी पाहा.

आता खर्चाची बाजू. झोपडीत राहताना सोसायटीचा मेंटेनन्स नावाची गोष्ट नसते. इमारतीत गेल्याबरोबर पंपाची वीज, जिन्यातले दिवे, सफाई, टाकी धुणे, ड्रेनेज चोकअप, मालमत्ता कर आणि लिफ्ट असेल तर लिफ्ट, असे सगळे एकदम येते. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत यासाठी प्रत्येक घरामागे बरीच वर्षे २० हजार रुपयांची ठेव ठेवली जात असे. पुढे ती रक्कम ४० हजार झाली. कागदावर ती भरघोस वाटते. पण २० हजारांवर वर्षाला आठ टक्के व्याज धरले तरी १,६०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला १३३. तेवढ्यात सात मजली इमारतीची लिफ्ट चालत नाही. मग वर्गणी थकते, लिफ्ट बंद पडते, गुडघे दुखणाऱ्या आजी सातव्या मजल्यावर अडकतात आणि पंपाची वीज तोडली गेली की बायका बादल्या घेऊन जिना चढतात. तेव्हा जागेत बसत असेल तर तळमजला अधिक दोन, फार तर तीन मजले ठेवा. लिफ्ट नको, एका जिन्यावर कमीत कमी घरे हवीत, आणि पाणी शक्यतो नगरपालिकेच्या दाबानेच वर चढावे.

एक प्रश्न नगरपालिकेला मात्र जरूर विचारा : सगळ्यांना हलवणे खरेच गरजेचे आहे का? पूररेषेच्या आत जेवढी घरे आहेत तेवढी हलवावीच लागतील, त्यात तडजोड नाही. पण त्यापलीकडच्यांचे घर आहे तिथेच पक्के करता येते. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये केंद्राच्या योजनेतून असे काम झाले. कच्ची घरे तेवढी पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांची घरे बांधली, पक्की घरे तशीच ठेवली, गल्ल्याही जवळपास त्याच राहिल्या. महिला मिलन या वस्त्यांतल्या महिलांच्या बचत संघटनेच्या बायका घरोघर बसून आराखडे ठरवत होत्या, आणि कुटुंबांनी खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः भरला. तुमच्या दोनशेपैकी साठ-सत्तर घरे जरी अशी वाचली, तरी पुढचे ओझे किती हलके होईल बघा.

ज्यांना जायचेच आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या रेल्वे रुळांलगतच्या वस्त्यांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी, म्हणजे एमयूटीपीसाठी, रुळांपासून हाताच्या अंतरावर राहणाऱ्या हजारो कुटुंबांना हलवायचे होते. फेब्रुवारी २००० मध्ये हार्बर मार्गावर रेल्वेने झोपड्या पाडायला सुरुवात केली. वस्त्यांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि ती कारवाई थांबली. त्यानंतर जे झाले ते मला आजही मोठे वाटते. स्पार्क ही संस्था, झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय फेडरेशन आणि महिला मिलन यांनी लोकांकडूनच झोपड्यांची मोजणी करून घेतली, दारावर क्रमांक घातले, याद्या वस्तीत वाचून दाखवल्या, पन्नास-पन्नास घरांचे गट केले आणि बचत सुरू केली. काही काळातच सुमारे ६० हजार माणसे पोलीस बंदोबस्ताशिवाय, आपले सामान आपण बांधून हलली. त्यातली बरीच आधी १२० चौरस फुटांच्या संक्रमण शिबिरात गेली. एवढ्याशा खोलीतही ती थांबली, कारण शेजारी ओळखीचे होते आणि पुढचे घर कुठे मिळणार याची यादी त्यांच्याच समितीच्या हातात होती.

म्हणून चावीवाटप सरसकट लॉटरीने करू नका. सरकारी माणसाला लॉटरी सोयीची वाटते, तक्रार कमी येते. पण तिने वर्षानुवर्षांचे शेजार एका दुपारी विस्कटतात. वस्तीत ‘जरा बाळाकडे बघ गं, मी रेशन घेऊन येते’ हे एका हाकेवर होते. शेजार तुटला की त्या बाईला एक तर काम सोडावे लागते किंवा मुलीला शाळेतून घरी बसवावे लागते. यावर उपाय सोपा आहे. दहा-बारा कुटुंबांनी आपणहून गट करावा आणि लॉटरी गटांची काढावी : कोणता गट कोणत्या जिन्यावर. गटात कोण कुठल्या मजल्यावर हे त्यांनी आपसात ठरवावे. वृद्ध, अपंग आणि गरोदर बायका असलेल्या घरांसाठी तळमजला आधी बाजूला काढा. हे गट सहा महिने आधी झाले, तर तीच पुढे सोसायटी होते आणि चेअरमन-सेक्रेटरी बाहेरून आणावे लागत नाहीत. ताबापत्रावर नवरा-बायको दोघांची नावे असू द्या. एकटीने घर चालवणाऱ्या बाईचे नाव दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावाखाली जात नाही ना, हे यादी वाचताना तुम्ही स्वतः बघा.

दुकानदारांना विसरू नका. एमयूटीपीच्या रस्त्यांच्या कामात छोट्या दुकानदारांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे २००४ पासून तक्रारी नेल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने रोखून धरले. एवढे प्रकरण वाढले ते मुख्यतः उपजीविकेच्या जागेवरून. तुमच्या नाल्यावरही पिठाची गिरणी, शिलाई मशीन, भंगाराचा गाळा, अंडी-पावाची टपरी असणार. भंगारवाल्याला तिसऱ्या मजल्यावर घर दिले तर तो माल ठेवणार कुठे? तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने लहान गाळे ठेवले तर वसाहतीलाही उधारीवर मीठ-मिरची देणारा दुकानदार मिळतो.

हवा आणि उजेड. याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड तुमच्या समितीने एकदा प्रत्यक्ष पाहावे. पुनर्वसनासाठी विकास नियंत्रण नियम सैल केले गेले आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर राहिले. खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूब लावावी लागते. दोन इमारतींमधल्या फटीत वरून कचरा पडतो, म्हणून लोक खिडक्या बंद ठेवतात, आणि मग हवाही बंद होते. २०१८ साली डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांसह केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात या दोन वसाहतींमध्ये क्षयरोगाचे प्रमाण जवळच्या, मोकळ्या मांडणीच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले, आणि खालच्या मजल्यांवर अधिक. ज्या माणसांना आपण चांगल्या आयुष्यासाठी म्हणून आणले, त्यांची पोरे घरामुळे खोकत राहावीत यासारखे दुःख नाही. तुमच्याकडे मुंबईसारखी जमिनीची टंचाई नाही. दोन इमारतींमध्ये निदान इमारतीच्या उंचीइतके अंतर ठेवा, प्रत्येक घराला समोरासमोरच्या दोन बाजूंनी हवा द्या, आणि मधल्या जागेला दार द्या, म्हणजे सफाई कामगाराला आत जाता येईल.

जागेबद्दलही तसेच. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना २०१७ च्या सुमारास चेंबूरजवळ माहुलला नेले. इमारती तयार होत्या, पण शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तिथल्या हवेविषयी हरित लवादाने २०१५ सालीच इशारा दिलेला होता. लोक न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. नगरपालिकेने दाखवलेल्या जागेच्या शेजारी कचरा डेपो, खाण किंवा कारखाना नाही ना, आणि ती जागा स्वतःच सखल नाही ना, हे पावसाळ्यात जाऊन बघा. उन्हाळ्यात सगळी जमीन चांगलीच दिसते.

घराच्या आतली मांडणी बायकांना ठरवू द्या. भायखळ्याच्या पदपथावरच्या महिलांनी १९८० च्या दशकात साड्या पसरून खोल्या मोजल्या होत्या आणि १४ फूट उंचीचे घर मागितले होते. अर्ध्या भागात पोटमाळा टाकला की जमीन तेवढीच, पण झोपायची जागा वाढते. तळमजला अधिक एक अशा घरांत हे अजूनही उत्तम चालते. मैदानात चुन्याने खऱ्या मापाचे घर आखा, पत्र्याची पेटी, खाट आणि गॅस प्रत्यक्ष ठेवून बघा. मी जितक्या बैठकांना बसलो तितक्यांत एक मागणी हमखास आली : संडासचे दार चुलीसमोर नको. दुसरी, कपडे वाळवायला आणि भांडी घासायला मोरीबाहेर थोडी जागा. दोन्हींना खर्च जवळपास शून्य, पण नकाशावर कुणी विचारले नाही तर त्या राहून जातात.

हलवण्याचा महिना एप्रिलचा शेवट ते मे ठेवा. परीक्षा संपलेल्या असतात, पाऊस आलेला नसतो. त्याआधी जवळच्या शाळेत प्रवेश, अंगणवाडीची नोंद आणि रेशन दुकान बदलणे उरकून घ्या. ज्यांना टीबीची औषधे चालू आहेत त्यांची नावे नव्या आरोग्य केंद्राला आधी कळवा. तिथे एकही डोस चुकता कामा नये.

आता तंत्र. दोन-तीन मजल्यांसाठी साधा आरसीसी सांगाडा आणि तुमच्या जिल्ह्यात मिळणारी वीट किंवा फ्लाय अॅशचा ब्लॉक पुरेसा आहे. बाहेरून येणारी साच्यातली, कारखान्यात ओतलेली पद्धत दोनशे घरांना फारशी स्वस्त पडत नाही, आणि पुढे भिंतीत खिळा ठोकायचा किंवा नळ बदलायचा झाला तर वस्तीतल्या गवंड्याला ती उमगत नाही. वाचवायचे असतील तर पैसे फरशी-रंगात वाचवा. संडासचे वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजचे पाइप आणि गच्चीचा उतार यांत एक रुपयाही कमी करू नका. पहिल्या पाच वर्षांतली बहुतेक भांडणे वरच्या घरातून खालच्या घरात गळणाऱ्या पाण्यावरून होतात. वस्तीत गवंडी, प्लंबर, रंगारी असतीलच. ठेकेदाराच्या करारात त्यांना काम देण्याची अट घाला. काम करताना पाइप कुठून गेला हे त्यांना दिसते, आणि पुढची दुरुस्ती तेच करतात.

जुन्या जागेपासून नव्या जागेचे नेमके अंतर, जमिनीचे क्षेत्रफळ, नगरपालिका किती मजल्यांचा आग्रह धरते आहे आणि योजना कोणती, एवढे इथे खाली लिहा. एका घरामागे महिन्याचा मेंटेनन्स साधारण किती येईल याचा तक्ता मी तुम्हांला बनवून देतो, तो घेऊनच वस्तीतली पहिली बैठक लावा.