रॉबिन कुक यांची ‘योगदाने’ किती?

एका वाचकाचा प्रश्न आहे. ब्रिटिश खासदार रॉबिन कुक यांच्यावरच्या मराठी टिपणात ‘परराष्ट्र व्यवहारावर त्यांची संसदेत अमुक इतकी योगदाने आहेत’ असे वाक्य त्यांनी वाचले. ‘योगदान’चे असे अनेकवचन चालते का?

चालत नाही. पण अनेकवचनाचे सोडा, इथे शब्दच चुकला आहे. ब्रिटिश संसदेतल्या भाषणांचा जो अधिकृत वृत्तान्त निघतो त्याला हॅन्सार्ड म्हणतात. टॉमस हॅन्सार्ड या मुद्रकाचे आडनाव त्याला चिकटले ते कायमचे. तिथे सदस्याच्या नावापुढे ‘कॉन्ट्रिब्यूशन्स’ म्हणून जो आकडा दिसतो, तो त्याने सभागृहात किती वेळा तोंड उघडले याचा. उठून बोलला, की झाली नोंद. पुरवणी प्रश्नाला दिलेले एका ओळीचे उत्तरही तिथे मोजले जाते. मराठीत ‘योगदान’ म्हटले की आपण त्या माणसाच्या कामाची किंमत ठरवून मोकळे होतो. मोजणीला निवाड्याचा शब्द लावायचा, ही चूक मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. मालिकेत चार भाग केलेल्या नटाचे ‘योगदान’, सत्यनारायणाला पाचशे रुपये दिले तरी ‘योगदान’!

हा शब्द हिंदीतून आला म्हणून टाका, असे काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. हिंदीतून आलेले कितीतरी शब्द आपण सुखाने नांदवले आहेत. पण ‘शुद्ध संस्कृत आहे, म्हणून भारदस्त’ असे सांगणाऱ्यांशी माझे खरे भांडण आहे. त्यांनी मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडावा, श्लोक १६५. ‘योगाधमनविक्रीतं योगदानप्रतिग्रहम्’. जिथे कपट दिसेल तो सगळा व्यवहार रद्द करावा, असा तिथे दंडक आहे, आणि त्या कपटी व्यवहारांच्या यादीत हे आपले योगदान बसले आहे. योग म्हणजे छल. योगदान म्हणजे फसवे दान! कौटिल्याकडेही तेच. त्याचे ‘योगपुरुष’ आसनाला बसत नाहीत, ते राजाचे छुपे हस्तक आहेत. अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणाचे नावच ‘योगवृत्त’, म्हणजे गुप्त कारवाया. मूळ धातू युज्, जोडणे. जोडणीवरून जुळवाजुळव, जुळवाजुळवीवरून डाव. त्याच धातूचा ‘युक्ती’ आपण अजूनही दोन्ही अंगांनी वापरतो: युक्ती सुचते आणि युक्ती लढवलीही जाते. हा अर्थ ज्या दिवशी सापडला त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला तो श्लोक वाचून दाखवला होता.

आता इंग्रजी शब्दाचे कूळ पाहा. त्यात लॅटिन ‘ट्रिबुस’ आहे, म्हणजे गण, जमात. त्यावरून वाटून देणे, मग सगळ्यांनी मिळून वाटा घालणे. आपल्याकडे वर्ग, आणि वर्गावरून वर्गणी. गटाच्या नावावरून गटाने भरायच्या पैशाचे नाव, ही वाट दोन भाषांनी एकमेकींना न विचारता काढली. म्हणून माझा आग्रह आहे की ‘कॉन्ट्रिब्यूशन’चा खरा सख्खा भाऊ वर्गणी. चर्चेत सदस्य आपली वर्गणी घालतो. कोशकारांना हे गावंढळ वाटत असेल तर वाटो. ‘अंशदान’ असले निर्जीव शब्द काढण्यापेक्षा बरे.

कुक यांच्याबाबतीत हा फरक फार ठळक दिसतो. १९९७ ते २००१ ते परराष्ट्रमंत्री होते. परराष्ट्र धोरणाला ‘नैतिक परिमाण’ हवे, हे त्यांचे गाजलेले म्हणणे मे १९९७चे, पण ते त्यांनी मांडले आपल्या खात्यात, सभागृहात नव्हे. म्हणजे ते त्या आकड्यात धरलेच जाणार नाही. (वृत्तपत्रांनी त्याचे ‘नैतिक परराष्ट्र धोरण’ करून टाकले. परिमाण गळाले आणि अर्थ बदलला. पण तो वेगळ्या टिपणाचा विषय.) उलट १७ मार्च २००३ची रात्र घ्या. इराकवरच्या युद्धाला विरोध म्हणून सभागृहनेतेपद सोडून कुक मागच्या बाकावरून, म्हणजे पद नसलेल्या सदस्यांच्या जागेवरून, बोलायला उठले. वीस वर्षांत पहिल्यांदाच इथून बोलतो आहे, म्हणाले. इराककडे सर्वसंहारक अस्त्रे, त्या शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने, बहुधा नाहीतच, असे त्यांनी सांगितले. जिथे टाळ्या वाजवायची रीत नाही त्या सभागृहात सदस्य उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी युद्धाला संमती देणारा सरकारचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला, युद्ध झाले. हॅन्सार्डच्या मोजणीत ते भाषण म्हणजे एक नोंद.

तेव्हा टिपणात लिहा: ‘परराष्ट्र व्यवहारावर कुक संसदेत इतक्या वेळा बोलले.’ साधे, खरे. ‘योगदान’ लिहायचेच असेल तर एडिनबराच्या ग्रेंज दफनभूमीतल्या त्यांच्या थडग्यावरच्या ओळीपाशी लिहा. युद्ध थांबवण्यात मला यश आले नसेल, पण युद्धाचा निर्णय घेण्याचा संसदेचा हक्क मी मिळवून दिला, असा तिचा आशय आहे.